साहेब, आमचे एप्रिल-मे रिकामे जातायत : खानापूर तालुक्यातून एक खुलं पत्र

मा. मुख्यमंत्री आणि अर्थमंत्री, कर्नाटक सरकार,
आणि बेळगाव जिल्ह्याचे आमचे १८ आमदार,

सगळ्यांना नमस्कार. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची, जंगलाला लागून असलेल्या एका गावची. डिसेंबर २०२० ला ग्रामपंचायतीत मेंबर म्हणून निवडून आले, त्याआधी आमच्या मराठी शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीत होते. हे पत्र सीमाप्रश्नावर नाही, त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा मोठे लोक आहेत. हे पत्र पैशावर आहे, आणि पैसा वाढवून द्या असंही मी म्हणत नाहीये, ते सगळेच म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की जो पैसा तुम्ही देता तो आमच्यापर्यंत अशा महिन्यात येऊन पोचतो की त्याची माती होते, आणि हे बदलायला नवा पैसा लागत नाही, फक्त कामाची तारीखवारी बदलावी लागते.

आधी आमच्या शाळेच्या खोलीचं सांगते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल.

ऑगस्ट २०१९ चा पाऊस तुम्हाला आठवत असेल, मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सगळ्या एकदम चढल्या होत्या, सगळा जिल्हा पाण्यात होता. त्या पावसात आमच्या शाळेच्या एका खोलीची मागची भिंत बसली. रात्री बसली म्हणून मुलं वाचली. अर्ज गेला, फोटो गेले, इंजिनियर येऊन बघून गेले, सगळं रीतसर झालं. नवीन खोली मंजूर झाली, पण वर्क ऑर्डर हातात आली ती २०२१ च्या फेब्रुवारीत, आणि सोबत निरोप असा की ३१ मार्चच्या आत बिल सादर झालं नाही तर पैसा परत जाणार. पाया, भिंती, लिंटल सगळं चाळीस दिवसांत उभं केलं. स्लॅब पडला २७ मार्चला, तोही रात्री, हॅलोजन लावून, कारण मिक्सर दिवसभर दुसऱ्या गावात होता आणि तिथंही हीच गडबड.

स्लॅब टाकला की त्यावर आळी करून पाणी साठवतात, आठ-पंधरा दिवस तरी पाणी मारावं लागतं, हे घर बांधलेल्या कुणालाही माहीत असतं. आमच्या विहिरीला तेव्हा पाणी होतं. १५ एप्रिलपर्यंत असतंच. पण मारायला माणूस नव्हता, कारण कॉन्ट्रॅक्टरला ३१ तारखेच्या आत अजून तीन स्लॅब टाकायचे होते आणि त्यानं सगळी माणसं तिकडं नेली होती. दोन दिवस मी आणि अंगणवाडीच्या ताई शिडी चढून कळश्यांनी पाणी ओतत होतो, पण तेवढ्यानं काय होणार सांगा. आठव्या दिवशी सेंट्रिंग काढली, ती पण दुसरीकडं हवी होती. मेजरमेंट बुकात मात्र काम पूर्ण, बिल पास, पैसा वेळेत खर्च. पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्या खोलीत कोपऱ्यात दोन बादल्या ठेवल्या होत्या आणि चौथीची पोरं बेंच मधोमध ओढून बसायची. अजूनही प्रत्येक पावसाळ्यात बसतात.

मी बराच काळ त्या कॉन्ट्रॅक्टरवर चिडून होते. नंतर पंचायतीत बसून कागद कसे फिरतात ते बघितलं तेव्हा कळलं की त्या माणसाला नावं ठेवून काही उपयोग नाही, त्याच्या जागी मी असते तरी कदाचित तेच केलं असतं. त्याला दिलेलं कॅलेंडरच चुकीचं होतं.

आमच्याकडं पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागतो तो दसऱ्यापर्यंत सोडत नाही. आमगाव, कणकुंबी या भागात तर काही हजार मिलिमीटर पडतो, राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांत आमगावचं नाव येतं. पाऊस गेला की भाताची सुगी, तेव्हा माणूस मिळत नाही. म्हणजे रस्ता, रस्त्याखालची मोरी, शाळा, विहीर, काहीही बांधायचं तर आमच्या हातात डिसेंबर ते मे एवढे सहाच महिने आहेत. आणि तुमचं आर्थिक वर्ष नेमकं त्या सहा महिन्यांतच, ३१ मार्चला तुटतं. मार्चमध्ये बजेट मंजूर होतं, मग खात्याखात्यांचे आदेश निघतात, मग क्रिया योजना, म्हणजे कामांचा आराखडा, तयार होऊन तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून बेंगळूरला जाते, ती मंजूर होऊन येईपर्यंत गणपती येऊन गेलेले असतात. मग एस्टिमेट, मग तांत्रिक मंजुरी, मग टेंडर. टेंडरला तुमच्याच १९९९ च्या पारदर्शकता कायद्याप्रमाणे ठरलेले दिवस द्यावे लागतात, ते बरोबरच आहे, त्यात कमी करा असं मी म्हणणार नाही. पण हे सगळं होऊन वर्क ऑर्डर निघेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. आणि मग महिनाभर नुसती पळापळ. एप्रिल आणि मे, जेव्हा आकाश मोकळं असतं, जमीन कडक असते, शाळेला सुट्टी असते, माणसं रिकामी असतात, तेव्हा मात्र कुठल्याही ऑफिसात जावा, एकच उत्तर मिळतं, नवीन वर्षाचं अनुदान अजून आलेलं नाही.

मार्चमधल्या या खर्चाच्या गर्दीवर कॅग सुद्धा आपल्या अहवालांत बोट ठेवत आलंय, मी काही नवीन सांगत नाही. फक्त कॅगच्या अहवालात ती टक्केवारी असते आणि आमच्याकडं ती गळणारी खोली असते.

आता कुणी म्हणेल वर्षच असं आहे त्याला काय करणार. पण हे वर्ष काही देवानं ठरवून दिलेलं नाही. १८६७ च्या आधी इंग्रजांचंच आर्थिक वर्ष १ मे ला सुरू व्हायचं, मग त्यांनी ते आपल्या विलायतेतल्या सोयीसाठी १ एप्रिल केलं. १९८० च्या दशकात एल. के. झा समितीनं पावसाचा विचार करून जानेवारी ते डिसेंबर वर्ष करा म्हणून सांगितलं होतं, ते मान्य झालं नाही. ठीक आहे, वर्ष बदलणं मोठी गोष्ट आहे, एकट्या कर्नाटकाला ते अवघड जाईल. पण केंद्रानं २०१७ मध्ये काय केलं बघा, वर्ष तेच ठेवलं आणि बजेट फेब्रुवारीच्या शेवटी मांडायचं ते १ फेब्रुवारीला मांडायला सुरुवात केली, कारण काय तर १ एप्रिलला पैसा खात्यांच्या हातात असावा. एका महिन्याची सरकासरकी. तेवढंच आपल्याकडं का करू नये, आणि आमच्यासाठी त्याच्याही थोडं पुढं का जाऊ नये?

कारण आमच्या गावांची यादी डिसेंबरपर्यंत तयार झालेलीच असते साहेब. २०१८ पासून दरवर्षी २ ऑक्टोबरला ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम सुरू होते, ग्रामसभा होतात, कुठली मोरी, कुठली खोली, कुठली पाईपलाईन ते लोक सांगतात, पीडीओ म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी लिहून घेतात, ऑनलाईन चढवतात. मी स्वतः अशा ग्रामसभांना बसलेय. बायका उन्हातून येतात, तासभर बसतात, आणि काय हवं ते नेमकं सांगतात, कुठल्या नाल्यावर कितव्या दगडापाशी पाणी भरतं तिथपर्यंत सांगतात. आणि नंतर मार्चमध्ये बेंगळूरला जे बजेट होतं त्याचा या यादीशी काही संबंधच नसतो. यादी एका वाटेनं जाते, पैसा दुसऱ्या वाटेनं येतो, वाटेत कुठंही भेटत नाहीत. त्याच बायका पुढच्या वर्षी ग्रामसभेला आल्या नाहीत तर मी त्यांना कुठल्या तोंडानं बोलवायचं?

आणि डिसेंबरमध्ये तर तुम्ही स्वतः इथं असता! सुवर्ण विधानसौध २०१२ ला झालं, हलग्याजवळ हायवेवरून जाताना लांबून दिसतं, सगळं सरकार अधिवेशनाला तिथं येऊन बसतं. त्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, म्हणजे चालू वर्षात कमी पडलेला पैसा मंजूर करून घेतला जातो. माझी मागणी अशी की त्याच अधिवेशनात पुढच्या वर्षाची तालुकावार कामांची कच्ची यादी सभागृहासमोर ठेवा, निदान ज्या तालुक्यांत पाऊस जास्त आहे त्यांची तरी. जानेवारी-फेब्रुवारीत एस्टिमेट आणि टेंडरची तयारी करून घ्या, वर्क ऑर्डर बजेट मंजूर झाल्यावर द्या, कायदा कुठं मोडत नाही. १ एप्रिलला पहिली कुदळ पडेल, आणि पाऊस लागायच्या आत स्लॅब पक्का होईल. जी कामं मार्चमध्ये अर्धी आहेत त्यांचा पैसा परत न नेता त्याच कामाच्या नावावर मे अखेरपर्यंत राहू द्या, हवं तर अट घाला की निम्मं काम प्रत्यक्ष झालेलं असलं तरच. पण ३१ मार्चचा सुरा मानेवर ठेवून काँक्रीट घट्ट होत नाही.

दुसरी गोष्ट. तुमचं २०२५-२६ चं बजेट ४,०९,५४९ कोटींचं होतं. एवढा मोठा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो, आम्ही वाचतो, आणि पेपर घडी करून ठेवतो, कारण त्यातले खानापूर तालुक्याला किती हे त्यात कुठंच सापडत नाही. जिल्हा पंचायतींना कुठल्या योजनेत किती हे सांगणारं लिंक डॉक्युमेंट निघतं हे मला माहितेय, ते चांगलंच आहे, पण मोठी खाती, रस्ते, पाटबंधारे, त्यांचा पैसा त्यात नसतो, आणि सामान्य माणसाला ते उघडून वाचता येईल असंही ते नसतं. केरळमध्ये १९९६ ला लोकयोजना सुरू झाली तेव्हा त्यांनी योजनेच्या पैशातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं आणि बजेटबरोबर परिशिष्ट छापायला लागले, त्यात एकेका पंचायतीच्या नावासमोर तिचा आकडा. आकडा एकदा छापला की तो मधल्यामध्ये कुणाला वळवता येत नाही, आणि पंचायतीला वर्षाच्या सुरुवातीलाच कळतं की आपल्याला काय काय जमणार आहे.

तालुका पातळीवर मोजणं कर्नाटकाला जमत नाही असं कुणी म्हणू नये. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीनं २००२ ला ३५ निकष लावून राज्यातले त्या वेळचे १७५ तालुके एकेक करून मोजले, त्यातले ११४ मागास निघाले, आणि आठ वर्षांत ३१,००० कोटींची विशेष योजना सुचवली. २०२४ मध्ये तुम्ही प्रा. गोविंद राव यांच्या समितीकडं परत तेच काम दिलं. मागासपण तालुक्यावार मोजता तर खर्चही तालुक्यावार दाखवा ना. वित्तीय जबाबदारीचा कायदा २००२ ला देशात सगळ्यात आधी आपल्या राज्यानं केला. एवढी शिस्त असलेल्या राज्याला एक तालुक्याचं पान छापणं जड नाही.

आणि ते पान आमच्याकडं मराठीतही छापा. ज्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात १५ टक्क्यांच्या वर लोक अल्पसंख्य भाषेचे आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या हे भाषिक अल्पसंख्यांकांसाठी देशपातळीवर ठरलेलं आहे, आणि खानापूर त्या १५ टक्क्यांच्या कितीतरी वर आहे. कन्नडशी आमचं भांडण नाही, माझी दोन्ही मुलं शाळेत कन्नड शिकली, चांगलं बोलतात. पण ग्रामसभेत बसणाऱ्या साठीच्या आजीला शेजारच्या पोराला विचारल्याशिवाय आपल्या वाडीचा आकडा कळला पाहिजे, आणि तो पोरगा बरोबर वाचतोय की नाही यावर तिला अवलंबून राहायला लागू नये.

सरकारच्या गॅरंटी योजनांबद्दल इथं दोन शब्द बोलते कारण असं काही लिहिलं की लगेच कुणीतरी विचारतं, मग गॅरंटी बंद करायच्या का. नाही. २०२५-२६ ला त्यासाठी ५१,०३४ कोटी ठेवले होते. बायकांच्या खात्यात दरमहा येणाऱ्या गृहलक्ष्मीच्या दोन हजारांत माझ्या शेजारणीची बीपीची गोळी येते, बसचं तिकीट लागत नाही म्हणून आमच्या बायका बेळगावच्या दवाखान्यात एकट्या जाऊन येतात, हे मी डोळ्यांनी बघतेय. पण हप्त्याचं कसं, ठरलेला आकडा आहे, लाभार्थ्यांची यादी आहे, खात्यात जमा झाला की मेसेज येतो, नाही आला तर बाई विचारते. तीच सोय मोरीला द्या, शाळेच्या खोलीला द्या. बिल कुठल्या तारखेला आलं, कितव्या नंबरवर आहे, कधी पास झालं, हे सगळं खजाने-२ मध्ये, म्हणजे सरकारी तिजोरीच्या ऑनलाईन सिस्टीममध्ये असणारच, ते आम्हालाही मोबाईलवर दिसू द्या. बिल वर्ष-वर्ष अडकणार हे माहीत असतं म्हणून कॉन्ट्रॅक्टर आधीच सिमेंटमध्ये हात आखडता घेतो, त्याचा दंड आमची पोरं भरतात.

आमच्या वाडीत एक सीसी रोड आहे, तीनशे मीटर असेल. एका खात्यानं केला. सात महिन्यांनी दुसऱ्या खात्यानं जलजीवनच्या पाईपसाठी तो मधोमध फोडला. पाईप हवाच होता, पाणी आलं, कुणाची तक्रार नाही. पण रस्त्याच्या आधी पाईप घालायला काय अडचण होती? दोन्ही खात्यांची ऑफिसं एकाच आवारात आहेत हो. फोडलेली पट्टी नंतर मातीनं भरली, आता पावसात तिथं ओहोळ वाहतो आणि दुधाच्या गाड्या घसरतात. गावाची एकच यादी असती आणि तिच्यावर दोघांनी सही केली असती तर एवढं झालं नसतं.

मोठ्या कामातही तेच. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरी प्रकल्पाला २०२०-२१ च्या बजेटमध्ये ५०० कोटी जाहीर झाले, २०२२-२३ ला १,००० कोटी. वन्यजीव आणि वनखात्याच्या मंजुऱ्या मात्र अडकलेल्या. तो प्रकल्प व्हावा की नको यावर आमच्या तालुक्यात वेगळी मतं आहेत, जंगल आमचं जातं, ते वेगळं बोलता येईल. मी फक्त हिशेबाचं बोलतेय. मंजुरी हातात नसताना ठेवलेला पैसा जागेवर बसून राहतो, आणि त्याच तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्यांमध्ये आजारी माणसाला पावसाळ्यात खांद्यावर बांधून आणावं लागतं. ज्या कामाला जमीन आणि मंजुरी नाही ते बजेटच्या पुस्तकात घालूच नये, तयारीचा खर्च तेवढा द्यावा. आणि जुनी अर्धवट कामं किती शिल्लक आहेत, पूर्ण करायला किती लागणार, हे नवीन घोषणेच्या आधी वाचून दाखवावं.

शेवटचं म्हणजे, हे सगळं विचारणार कोण? १९८३ चा जिल्हा परिषद कायदा याच राज्यात झाला, तेव्हाचे पंचायतराज मंत्री अब्दुल नजीर साब यांचं नाव आजही जुन्या मेंबरांच्या तोंडात असतं. त्याच राज्यात जिल्हा आणि तालुका पंचायतीच्या निवडणुका २०१६ ला झाल्या, २०२१ ला मुदत संपली, आणि पुढची कितीतरी बजेटं तिथं निवडून आलेला एकही माणूस नसताना झाली. घटनेत जिल्हा नियोजन समिती सांगितलीय, तिचे पाचातले चार सदस्य निवडून आलेल्यांतून यायला हवेत. निवडून आलेलेच नसतील तर समितीत कोण बसणार? आमची पंचायत यादी पाठवते, ती वर जाते, आणि वर तिला ओळखणारं कुणी नसतं. अधिकारी वाईट आहेत असं नाही, काही तर फार मनापासून काम करतात, पण दोन वर्षांत त्यांची बदली होते आणि नवीन आलेल्याला मी परत पहिल्यापासून सांगते की ती मोरी कुठली आणि तिथं पाणी कसं भरतं. १८ आमदार साहेबांना माझी विनंती, तुमच्या फंडातलं काम मागायला आम्ही येतोच, पण या निवडणुकांसाठी सभागृहात एकदा सगळे मिळून उभे राहा, पक्ष कुठलाही असू दे.

आमच्या शाळेच्या खोलीचं छत या वेळच्या आराखड्यात परत घातलंय, अनुक्रमांक ४. वॉटरप्रूफिंग नको, स्लॅब काढून नवीन टाका असं ग्रामसभेत ठरलं, सगळ्यांच्या सह्या आहेत. ऑर्डर मार्चअखेरपर्यंत आली तर एप्रिलमध्ये सुट्टी लागल्यावर जुना स्लॅब उतरवता येईल, पंधरा दिवसांत नवीन टाकता येईल. विहिरीचं पाणी तोवर खाली गेलं तरी खालच्या वाडीतून टँकर द्यायला एक शेतकरी तयार आहेत. पाणी मारायची पाळी आम्ही बायकांनी आत्ताच वाटून घेतलीय, सकाळी दोघी, संध्याकाळी दोघी, एकवीस दिवस.

आपली,
एक माजी एसडीएमसी सदस्य आणि ग्रामपंचायत मेंबर
खानापूर तालुका, जि. बेळगाव